विहिरीवर पाणी मागणारा प्रभू

प्रायश्चित्तकाळाचा तिसरा रविवार (अ वर्ष)
शुभवर्तमान : योहान ४:५-४२



भर दुपारची वेळ, खोल विहीर आणि घागर घेऊन एकटीच आलेली बाई. मराठवाड्यातल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. हा प्रसंग ऐकताना आपले लक्ष लगेच 'जिवंत पाण्या'कडे जाते. पण प्रभू त्याविषयी नंतर बोलला. आधी त्याने स्वतः पाणी मागितले. आज आपण तिथेच थांबून विचार करू या.

यहुदी आणि शोमरोनी यांचे वैर जुने होते. त्यांच्यात संबंध नव्हते, असे योहान नवव्या वचनात सांगतो. तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काही अभ्यासक 'ते एकमेकांची भांडी वापरत नसत' असा करतात. येशूजवळ तर पोहराही नव्हता. पाणी प्यायचे तर ते तिच्याच भांड्यातून. ती स्त्री चकित झाली ती यामुळेच.

तिच्या पाच नवऱ्यांवरून आपण तिला चटकन पापी ठरवतो. ते नवरे वारले की त्यांनी तिला टाकले, हे शुभवर्तमान सांगत नाही. प्रभूनेही तिच्यावर आरोप केला नाही. ती खरे बोलली, एवढेच तो म्हणाला.

भांड्याचा आणि पाणवठ्याचा विटाळ आपल्यालाही परका नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या अनुयायांसह प्याले. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव आधीच झाला होता, पण तो कागदावरच राहिला होता. ते पाणी प्याल्यावर सवर्णांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. योगायोग असा, की तो दिवस प्रायश्चित्तकाळाचा तिसरा रविवारच होता. पुढे १९५० साली बाबासाहेबांच्या संस्थेने आपल्या शहरात महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद.

आता माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका खेड्यात घरभेटीला गेलो होतो. एका आजीने तांब्याभर पाणी पुढे केले. पोट बिघडेल या भीतीने मी म्हणालो, "नको आजी, माझी बाटली आहे." त्या काही बोलल्या नाहीत. तांब्या उचलून आत घेऊन गेल्या. परतताना वाटेत माझ्या लक्षात आले, की हा नकार त्यांनी आयुष्यात कितीदा सोसला असेल! माझे कारण वेगळे होते, पण ते त्यांना कसे कळावे? पुढच्या भेटीत मी आपणहून पाणी मागितले. त्या हसल्या आणि तांब्या पुन्हा घासून भरून आणला.

देणे आपल्याला सोपे वाटते. प्रायश्चित्तकाळात आपण दानधर्म करतो आणि तो करायलाच हवा. पण देणाऱ्याचा हात वर राहतो, मागणाऱ्याचा खाली. प्रभूने आपला हात खाली धरला. म्हणूनच ती बाई बोलती झाली, घागर तिथेच ठेवून गावात धावली. पुढे येशू त्या गावात दोन दिवस राहिला. ज्यांची भांडी चालत नव्हती, त्यांचाच तो पाहुणा झाला.

आठवडाभराच्या चिंतनासाठी :
१. कोणाच्या घरचे पाणी किंवा जेवण मी काहीतरी निमित्त काढून टाळतो?
२. मुलामुलींची लग्ने ठरवताना आम्ही बाप्तिस्मा पाहतो की जात?
३. या आठवड्यात ज्याच्याकडे मी कधी गेलो नाही, अशा एका घरी जाऊन पाणी मागेन का?

त्या दिवशी येशूला पाणी मिळाले की नाही, हे योहानाने लिहिलेले नाही. पुढे क्रुसावरूनही त्याने आपली तहान बोलून दाखवली. तो आजही मागतो आहे. त्याची तहान ओळखण्याची कृपा आपणा सर्वांना लाभो. आमेन.

– आपला धर्मगुरू