‘-कर’ प्रत्ययान्त आडनावे : गाव आणि गावाबाहेर

मराठीतील ‘-कर’ हा प्रत्यय आजही जिवंत आहे. ‘पुणेकर’, ‘नागपूरकर’ हे शब्द बोलण्यात येतात तेव्हा त्या त्या शहराच्या रहिवाशाचा बोध होतो. तोच प्रत्यय आडनावात आला की अर्थ जवळजवळ उलटतो. पुण्यात राहणाऱ्यास ‘पुणेकर’ म्हटल्याने त्याची वेगळी ओळख पटत नाही; ती पटते तो इंदुरास गेल्यावर. असे आडनाव बहुधा वास्तव्याचे नव्हे, स्थलांतराचे निदर्शक असते. (गावचे वतन सांभाळणाऱ्या घराण्याने गावाचेच नाव लावावे, हा अपवाद येथे बाजूस ठेवू.)

तेलुगूतील ‘इंटिपेरु’शी तुलना केली असता हा विशेष स्पष्ट होतो. सर्वेपल्ली राधाकृष्णन् यांच्या नावातील पहिले पद गावाचेच आहे. परंतु ते व्यक्तिनामाच्या आधी आणि प्रत्ययाविना येते. मराठी प्रत्यय गाव व माणूस यांतील संबंध उघडपणे उच्चारतो, आणि माणसाने भाषा बदलली तरी तो नावात टिकून राहतो. सखाराम गणेश देउस्कर (१८६९–१९१२) यांनी ‘देशेर कथा’ बंगालीत लिहिली (१९०४). त्यांचे भाचे बाबूराव विष्णु पराडकर (१८८३–१९५५) काशीत जन्मले आणि ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादक म्हणून ख्यातनाम झाले. या दोन्ही नावांत मधले पद पित्याचे आहे, हेही लक्षात घ्यावयास हवे. गजानन माधव मुक्तिबोध या नावातील ‘गजानन माधव’ हे जोडनाव समजणारा हिंदी वाचक ही मराठी रचनाच नजरेआड करतो.

वाङ्मयेतिहासकारांस आडनावावरून लेखकाची जात ताडण्याची सवय असते. ‘-कर’च्या बाबतीत ती विशेष फसवी ठरते, कारण एकाच गावातून बाहेर पडलेल्या भिन्न जातींच्या घराण्यांस तेच आडनाव लागू शकते. कुलनामाने किंवा व्यवसायनामाने जे उघड होते, ते ग्रामनामाने झाकले जाते. बा. सी. मर्ढेकर यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोसावी, गाव साताऱ्याकडील मर्ढे. कवीचा जन्म मात्र खानदेशातील फैजपूरचा (१९०९).

हीच रीत ज्या घराण्यास जातीचा भार प्रत्यक्ष वाहावा लागला तेथे पाहिली, म्हणजे तिचे गांभीर्य कळते. भीमराव रामजी आंबेडकर १८९१ साली महू येथे जन्मले. कुलनाम सकपाळ; मूळ गाव कोकणातील आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत १९०० साली त्यांचे नाव दाखल झाले ते ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे. ‘आंबडवेकर’चे ‘आंबेडकर’ कसे झाले याविषयीच्या आख्यायिकांवर चरित्रकारांनी बरीच शाई खर्च केली आहे. त्या मानाने ‘सकपाळ’ मागे का राहिले, हा अधिक मोलाचा प्रश्न उपेक्षितच राहिला. नोंदवहीत जे गाव आले, ते त्या विद्यार्थ्याचे जन्मगाव नव्हते. आणि त्या नावावरून त्याची जात वाचता येत नव्हती. वर्गात त्याला वेगळे बसविण्यास मात्र तेवढ्याने अडचण पडली नाही.