जे जाहिरातीत लिहिलेलं नसतं

गेमिंगसाठी डेस्कटॉप घ्यायचं ठरलं की पहिला वाद रंगतो तो तयार संगणक घ्यावा की सुटे भाग आणून स्वतः जोडावा, यावर. दोन्ही बाजूंचे लोक ठाम असतात. एक म्हणतो, तयार घेतला की डोक्याला ताप नाही. दुसरा म्हणतो, तयार म्हणजे निव्वळ लूट. पण तयार संगणक घेऊन पस्तावलेले लोक आहेत तसे स्वतः जोडून पस्तावलेलेही आहेत, आणि दोघांची चूक बहुतेक वेळा एकच असते. पैसे मोजताना आत नेमकं काय आहे हे त्यांना पूर्ण ठाऊक नसतं. म्हणून माझं सांगणं असं, की स्क्रू कोण फिरवणार हे नंतर ठरवा. आधी यादी मागा. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस, कूलर, कॅबिनेट, प्रत्येकाची कंपनी आणि मॉडेल क्रमांक लिहिलेली यादी. ती हातात आली आणि समजली, तर दोन्ही वाटा सुरक्षित आहेत. ती नसेल, तर दोन्ही धोक्याच्या.

याचं कारण बाजाराच्या रीतीत आहे. तयार संगणकाच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत चार गोष्टी असतात: प्रोसेसरचं नाव, ग्राफिक्स कार्डाचं नाव, रॅम किती जीबी आणि एसएसडी किती. गिऱ्हाईक याच चार गोष्टींवरून दोन संगणकांची तुलना करतं, त्यामुळे विकणाऱ्यालाही तिथे कमी पडून चालत नाही. मग किंमत खाली आणायची तर काटछाट उरलेल्या जागी होते, म्हणजे ज्या भागांचं नाव कुणी विचारत नाही तिथे. आणि जे ठळक लिहिलेलं असतं तेही पूर्ण नसतं. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० हे कार्ड घ्या. २०२२ साली आलेल्या ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर आहेत. २०२४ साली त्याच नावाने आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २३०४. मेमरीचा मार्ग १२८ बिटांवरून ९६ बिटांवर आला, वीजवापर १३० वॅटवरून ७० वॅटवर. म्हणजे नुसती मेमरी कमी झाली असं नाही, कार्डच वेगळं आहे. २०१६ सालच्या जीटीएक्स १०६० च्या बाबतीतही हेच झालं होतं. ३ जीबी आणि ६ जीबी या दोन प्रकारांतला फरक केवळ मेमरीचा नव्हता, कोअरही कमी होते. जाहिरातीत फक्त ‘आरटीएक्स ३०५०’ एवढंच असेल तर कोणतं मिळेल, याचं उत्तर तुमच्याकडे नाही.

रॅमचंही तसंच. ‘१६ जीबी रॅम’ या शब्दांत १६ जीबीची एक पट्टी बसते आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्याही बसतात. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहते. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या तर दोन मार्ग उघडतात आणि ही क्षमता ५१.२ जीबीवर जाते. प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये हा फरक जाणवतो, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात तर फार जाणवतो. शिवाय ६००० वेगाची म्हणून घेतलेली डीडीआर५ रॅम बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सोय चालू केल्याशिवाय त्या वेगाने चालत नाही, ४८०० किंवा ५६०० सारख्या मूळ वेगावरच राहते. तयार संगणकात ही सोय बंदच राहिलेली असू शकते, आणि स्वतः जोडणारेही ती विसरतात.

सगळ्यात जास्त थांबून पाहावं असा भाग म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस. गेमच्या वेगात तो एका फ्रेमचीही भर घालत नाही, म्हणून त्यावर पैसे घालायला कुणी तयार नसतं. पण बाकीचे सगळे भाग त्याच्याच जिवावर असतात. त्यावरच्या ‘८० प्लस’च्या शिक्क्याबद्दल मोठा गैरसमज आहे. ब्राँझ, गोल्ड वगैरे मानांकनं फक्त एवढंच सांगतात, की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज वाया न जाता आत पोचते. आतले कपॅसिटर कसे आहेत, भार मर्यादेबाहेर गेला तर संरक्षण वेळेवर काम करतं का, याची हमी तो शिक्का देत नाही. शिवाय ही चाचणी साधारण २३ अंश तापमानाला होते, आणि नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा बंद कॅबिनेटच्या आत काय परिस्थिती असेल याचा विचार ज्याने त्याने करावा. २०२१ सालचं गिगाबाइटच्या पी७५०जीएम आणि पी८५०जीएम या मॉडेलांचं प्रकरण यासाठीच लक्षात ठेवण्यासारखं आहे. गोल्ड मानांकन असलेले हे एसएमपीएस ग्राफिक्स कार्डांच्या टंचाईच्या काळात अमेरिकेत कार्डासोबत जोडून विकले गेले, म्हणजे कार्ड हवं तर तेही घ्यावंच लागे. गेमर्स नेक्सस या तिथल्या परीक्षण करणाऱ्या गटाने तपासणी केली तेव्हा त्यांतले अनेक नग स्फोटासारखा आवाज करून जळाले, आणि पुढे कंपनीला ठरावीक क्रमांकांचे नग बदलून द्यावे लागले. नाव मोठं होतं, शिक्का सोनेरी होता, तरीही हे झालं. म्हणून ‘६५० वॅट, गोल्ड’ हे उत्तर पुरेसं नाही. मॉडेल क्रमांक हवा, त्या मॉडेलचं स्वतंत्र परीक्षण वाचायला हवं आणि हमी किती वर्षांची हे पाहायला हवं. चांगले एसएमपीएस ५ ते १० वर्षांच्या हमीने येतात. कंपनीचा स्वतःच्या मालावर किती विश्वास आहे हे त्या आकड्यावरून बरंचसं कळतं. आपल्याकडे वीज जाण्या-येण्याचा प्रश्न असल्याने यूपीएस घ्याल तर तो शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा घ्या. आजच्या चांगल्या एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर नेहमी मानवतेच असं नाही.

मदरबोर्ड आणि कॅबिनेट हे भाग लगेच त्रास देत नाहीत, तीन-चार वर्षांनी देतात. इंटेलने १९९५ साली एटीएक्स हे माप आणलं आणि त्यामुळे कोणत्याही कंपनीचा बोर्ड कोणत्याही कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसू लागला. पण काही मोठ्या कंपन्या तयार संगणकात आपल्याच आकाराचा बोर्ड आणि आपल्याच जोडणीचा एसएमपीएस वापरतात. तो बिघडला की बाजारातला दुसरा बसत नाही, आणि नवं ग्राफिक्स कार्ड घालायचं म्हटलं तर वीज पुरवायला जास्तीची वायर नसते. याउलट चांगल्या सुट्या बोर्डाने काय साधतं याचं उदाहरण एएमडीच्या एएम४ सॉकेटचं आहे. २०१७ साली पहिल्या रायझनसोबत घेतलेल्या अनेक बोर्डांवर नुसतं बायोस अद्ययावत करून २०२२ सालचा रायझन ७ ५८००एक्स३डी चालला. मात्र बोर्डाच्या कंपनीने ते बायोस दिलं तरच. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा उपायही बायोसमधूनच द्यावा लागला आणि इंटेलने त्यांची हमी दोन वर्षांनी वाढवली. ज्याला आपल्या बोर्डाचं नावच माहीत नाही, त्याने ते बायोस शोधायचं कुठे?

इथे पहिला आक्षेप येतो तो हमीचा. तयार संगणक बिघडला तर एकच फोन करायचा; स्वतः जोडलेला बिघडला तर आठ कंपन्यांची आठ दारं. हा आक्षेप खोटा नाही. सुट्या भागांची हमी बहुधा जास्त लांब असते: डब्यात आलेल्या प्रोसेसरला तीन वर्षं, ग्राफिक्स कार्डाला अनेकदा तीन, एसएमपीएसला त्याहून अधिक. पण बिघाड नेमका कोणत्या भागात आहे हे ओळखायचं काम तुमचं. संगणक सुरूच होत नसेल आणि पालटून बघायला दुसरी रॅम, दुसरा एसएमपीएस घरात नसेल, तर ही लांबलचक हमी कागदावरच राहते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला भाग कुरिअरने पाठवून आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागू शकते, तिथे घरी येऊन दुरुस्ती करणारी सेवा फार मोलाची आहे. फक्त ती सेवा आपल्या पिनकोडला खरोखर मिळते का आणि किती वर्षं मिळते, हे खरेदीआधी लेखी विचारून घ्यावं. परदेशातल्या नातेवाइकांकडून कार्ड मागवणाऱ्यांनी तर हमीच्या अटी आधी वाचाव्यात. ती अनेकदा खरेदीच्या देशापुरतीच असते.

दुसरा आक्षेप किमतीचा, आणि तो दोन्हीकडून येतो. स्वतः जोडलेला संगणक स्वस्तच पडतो हे बऱ्याचदा खरं असलं तरी कायमचं खरं नाही. २०२०-२१ मध्ये सुटी ग्राफिक्स कार्डं मूळ किमतीला मिळेनाशी झाली होती, तेव्हा तयार संगणक घेणं हाच अनेकांसाठी कार्ड मिळवण्याचा परवडणारा मार्ग होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग थांबलं आणि वापरलेल्या कार्डांचा बाजारात पूर आला, चित्र उलटलं. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरीचं उत्पादन वळल्याने रॅमचे भाव भडकले, आणि मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर क्रुशियल या नावाने चालणारा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी आधीच्या भावाने साठा असलेल्या कंपनीचा तयार संगणक स्वस्त पडू शकतो. म्हणून सूत्रावर विसंबू नये, बेरीज करावी. तयार संगणकाची यादी घ्या, तेच भाग सुटे किती रुपयांना पडतात ते त्याच दिवशी पाहा, त्यात विंडोजच्या परवान्याची किंमत मिळवा. स्वतः जोडणारे ही शेवटची रक्कम सर्रास धरत नाहीत. संगणक तयार घ्या वा भाग सुटे, दोन्हीवर जीएसटी १८ टक्केच आहे, त्यामुळे कराचा फरक पडत नाही. जो फरक उरेल तो जोडणीचा आणि सेवेचा मोबदला. तो तुम्हाला रास्त वाटला तर देण्यात काहीच कमीपणा नाही.

तिसरा आक्षेप कौशल्याचा. जोडणी अवघड नाही असं सर्रास सांगितलं जातं, आणि शांतपणे पुस्तिका वाचून काम करणाऱ्याला ती अवघड जातही नाही. पण चुकीची किंमत मोठी असते. २०२२ च्या शेवटी आरटीएक्स ४०९० ची वीजजोडणी वितळल्याच्या बातम्या आल्या तेव्हा एनव्हिडियाने सांगितलं, की जगभरातल्या सुमारे ५० प्रकरणांमध्ये नेहमी आढळणारं कारण म्हणजे प्लग पूर्ण न बसणं. पुढे त्या जोडणीची रचना सुधारली गेली, म्हणजे दोष सगळा वापरणाऱ्याचा नव्हता; पण लाखाच्या घरातलं कार्ड अर्धवट बसलेल्या प्लगमुळे जाऊ शकतं हे त्यातून दिसलं. ज्याला या कामात रस नाही, त्याने केवळ पैसे वाचतात म्हणून ते अंगावर घेऊ नये.

आपल्याकडे सुदैवाने मधली वाटही आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि राज्यातल्या बहुतेक शहरांत असे दुकानदार आहेत, जे तुम्ही दिलेल्या यादीप्रमाणे भाग आणून जोडून देतात. माझ्या मते बहुसंख्य लोकांसाठी हीच वाट उत्तम आहे, कारण यादी तुमची राहते आणि हात सरावलेले असतात. अट एवढीच, की प्रत्येक भाग सीलबंद डब्यात दाखवून तुमच्यासमोर उघडावा आणि पक्कं बिल द्यावं, ज्यावर प्रत्येक भागाचं नाव आणि सीरियल नंबर वेगळा असेल. ट्रे प्रोसेसर, म्हणजे डब्याशिवाय सुटा विकला जाणारा, डब्यातल्यापेक्षा स्वस्त मिळतो, पण त्याची हमी सहसा विकणाऱ्याकडेच राहते, हे आधी समजून घ्या. ‘बिल नको असेल तर थोडं कमी करतो’ या बोलण्याला भुलू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि याच कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करण्याची सोय दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्कही नाही. पण हातात बिल नसेल तर तक्रार सिद्ध करणं जड जातं. विंडोजही परवान्याचंच घ्या. दुकानात ‘टाकून दिलेलं’ चोरीचं विंडोज म्हणजे ज्या संगणकावरून तुम्ही बँकेचे व्यवहार करणार त्याच्या आत कुणी काय सोडलं याचा पत्ता नसणं.

संगणक कुठल्याही वाटेने घरी येवो, परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत संपायच्या आत त्याला कामाला लावा. डबा उघडतानाचं चित्रीकरण करा. टास्क मॅनेजरमध्ये रॅम किती वेगाने चालते ते पाहा आणि सीपीयू-झेडमध्ये ती किती मार्गांवर आहे ते. जीपीयू-झेडमध्ये कार्डाचे कोअर आणि मेमरी यादीशी ताडून पाहा. मेमटेस्ट एक रात्र चालू द्या, मग तासभर जड गेम चालवून प्रोसेसर आणि कार्ड किती तापतात ते लिहून ठेवा. खोलीतला पंखा न लावता, दुपारच्या वेळी. दोष असेल तर तो शक्यतो या दिवसांतच बाहेर यायला हवा, कारण या मुदतीत नग बदलून मिळतो आणि नंतर फक्त दुरुस्ती. सगळं ठीक निघालं तरी ग्राफिक्स कार्डाचा आणि मदरबोर्डाचा डबा रद्दीत देऊ नका, आणि बिलाचा व सीरियल नंबरांचा फोटो स्वतःला ईमेल करून ठेवा. दुकानाच्या बिलावरची शाई वर्षभरात उडते, हमी तीन वर्षांची असते.