मोटारीच्या एअर फिल्टरची घरगुती स्वच्छता

मोटार पेट्रोलवर चालते असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः ती त्याहून कितीतरी अधिक हवेवर चालते. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. आकारमानात सांगायचे तर एका लिटरमागे नऊ ते दहा हजार लिटर हवा, म्हणजे घराच्या छतावरील एक हजार लिटरच्या नऊ-दहा टाक्या भरतील इतकी. ही सारी हवा एअर फिल्टरमधून गाळून इंजिनात जाते.

आपल्या भागात हे गाळणे विशेष महत्त्वाचे आहे. बारामती आणि इंदापूर हे तालुके पुणे जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व बाजूस येतात. पावसाळा सरला की माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्या निघतात आणि कच्च्या शेतरस्त्यांवर पिठासारखी धूळ उठते. तिच्यात गारेसारखे कठीण सूक्ष्म कण असतात. ते इंजिनात शिरले तर सिलिंडरच्या भिंती आणि पिस्टनच्या रिंगा घासल्या जातात. इंजिन ऑइल पिऊ लागते, निळसर धूर सोडते. ज्या कुटुंबाची चूल दूध वाहणाऱ्या पिकअपवर किंवा प्रवासी गाडीवर पेटते, त्याला इंजिनाचे काम काढणे म्हणजे अंगावरच्या कर्जात नवे कर्ज होय.

धुळीशी झुंज शेतीच्या यंत्रांपासूनच सुरू झाली. अमेरिकेत फ्रँक डोनाल्डसन यांनी १९१५ साली ट्रॅक्टरसाठी हवा गाळणारे साधन तयार केले. पुढे मोटारींत चुण्या घातलेल्या कागदाचे फिल्टर रूढ झाले. धुऊन पुन्हा वापरता येणारा, तेल लावलेल्या सुती कापडाचा फिल्टर १९६९ मध्ये स्थापन झालेल्या के अँड एन या अमेरिकी कंपनीमुळे जगभर परिचित झाला.

म्हणून पहिला प्रश्न हा की आपल्या गाडीत कोणता फिल्टर आहे? नव्या गाडीसोबत येणारा फिल्टर बहुधा कागदी असतो. तो कधीही धुऊ नये. पाण्याने कागदाचे तंतू फुगतात, चुण्या चिकटतात, फाटतात. तो बदलावाच लागतो. दोन्ही बाजूंस तारेची जाळी आणि मध्ये लाल वा निळसर तेलकट कापड दिसले, तर तो धुता येणारा फिल्टर समजावा. खात्रीसाठी त्याच्या कडेवरील मजकूर वाचावा.

दुसरा प्रश्न, धुवावा केव्हा? धुळीच्या थरातूनही तारेची जाळी सर्वत्र दिसत असेल, तर अद्याप गरज नाही. कॅलेंडर पाहून नव्हे, फिल्टर पाहून ठरवावे. मात्र ऊस हंगामात तो अधिक वेळा तपासावा.

कृती अशी :

१. इंजिन बंद व थंड असताना झाकणाच्या क्लिपा काढून फिल्टर बाहेर घ्यावा. उघड्या नळीच्या तोंडाशी स्वच्छ फडके लावावे. फिल्टर बसेपर्यंत गाडी सुरू करू नये.

२. मोकळ्या जागी, वाऱ्याकडे पाठ करून, नाकातोंडाला रुमाल बांधून फिल्टर हलकेच ठोकावा. फिल्टर इंजिनाला धुळीपासून वाचवतो. ती धूळ झटकणाऱ्याच्या छातीला मात्र स्वतःच जपावे लागते. गॅरेजमधील लहानग्या पोराकडे हे काम उघड्या नाकाने सोपवणे योग्य नव्हे.

३. याच फिल्टरसाठी मिळणारे स्वच्छताद्रव दोन्ही बाजूंना फवारून सुमारे दहा मिनिटे मुरू द्यावे, पण वाळू देऊ नये. पेट्रोल, रॉकेल, डिझेल किंवा सोडा वापरू नये.

४. साध्या नळाच्या मंद धारेने आतल्या स्वच्छ बाजूकडून बाहेरच्या मळक्या बाजूकडे पाणी सोडावे. उलट धुतल्यास मळ कापडात खोल रुततो. धुण्याचे पाणी कालव्यात वा विहिरीजवळ सोडू नये.

५. पाणी झटकून फिल्टर सावलीत पूर्ण वाळवावा. रात्रभर ठेवणे उत्तम. कॉम्प्रेसरची हवा मारल्यास कापडाला भोके पडतात, आणि विस्तवाच्या धगीने कापड आकसते. ज्यांची गाडी रोज कमाईला जाते, त्यांनी तेवढ्यापुरता दुसरा फिल्टर जवळ ठेवावा.

६. फिल्टरचेच तेल प्रत्येक चुणीवरून एकदाच, बारीक लावावे. वीस मिनिटांनी फिकट राहिलेल्या जागी पुन्हा थोडे द्यावे. धूळ धरून ठेवते ते हेच तेल. कोरडा फिल्टर नीट गाळत नाही. मात्र जादा तेल हवेचा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरवर बसून इंजिनाची चाल बिघडवते.

७. फिल्टरची पेटी ओल्या फडक्याने पुसावी, नळीतील फडके आठवणीने काढावे आणि रबरी कड चोहोबाजूंनी नीट बसली आहे, हे बोटाने चाचपून पाहावे. कडेशी राहिलेल्या बारीक फटीतून न गाळलेली हवा आत जाते आणि सगळे श्रम वाया जातात.

या साऱ्याचे सार एवढेच की चकचकीत दिसणे ही फिल्टरची कसोटी नव्हे. थोडा मळलेला पण अखंड फिल्टर इंजिनाचे रक्षण करतो; घाईने धुतलेला, फाटका वा कोरडा फिल्टर स्वच्छ दिसूनही धुळीला आत घेतो. सुट्टीत घरी गेल्यावर विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांसमवेत गाडीचा फिल्टर काढून प्रथम फक्त पाहावा, उजेडासमोर धरावा, कडेवरचा मजकूर वाचावा. पाण्याचा नळ त्यानंतर सोडावा.