सृजन, यश आणि मनुष्यस्वभाव : अण्णाभाऊंच्या जीवनातून एक पाठ

माणसाची बुद्धी आणि स्वभाव जन्मानेच ठरतो, असा समज आपल्या देशात शतकानुशतके रुजविला गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु त्यामागील विचार अजून पुरता गेलेला नाही. तो तपासून पाहण्यास अण्णाभाऊ साठे यांच्या जीवनासारखे दुसरे उदाहरण नाही.

१ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे मांग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळा नावापुरतीच लाभली. कुटुंबासह पायी मुंबईला येऊन त्यांनी मिळेल ते काम केले, गिरणीत राबले आणि कष्ट करता करताच अक्षरओळख वाढविली. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. १९५९ मध्ये त्यांची 'फकिरा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

मग सृजनशीलता आली कोठून? ती आकाशातून पडली नाही. सोसलेले जीवन, ते पाहणारी सजग नजर, अखंड सराव आणि आपल्या माणसांविषयीची तळमळ, या चार गोष्टींतून ती घडली. जगाने ज्याला दरोडेखोर म्हटले, त्याच्या ठायी उपाशी गावासाठी झटणारा माणूस त्यांनी दाखविला. स्वभाव परिस्थितीने घडतो आणि निर्धाराने पालटतो, हेच यातून सिद्ध होते.

आता यशाचा विचार करू. पैसा हेच यश मानले, तर अण्णाभाऊ अयशस्वी ठरतील. त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली. १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही न गाठता, ते गेले. त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले २००२ मध्ये!

येथे विद्यार्थ्यांनी दोन चुकीचे निष्कर्ष टाळावेत. शाळेवाचून ते मोठे झाले, म्हणून शाळा नको, असे म्हणू नये. शाळेअभावी ज्यांची प्रतिभा मातीत गेली, त्यांची नावे आपल्याला ठाऊकही नाहीत. तसेच दारिद्र्यातूनच कला जन्मते, असेही मानू नये. दारिद्र्याने त्यांना अनुभव दिला खरा, पण त्यांची किती वर्षे हिरावून घेतली, याचा हिशेब कोणी मांडायचा?

म्हणून हा पाठ केवळ विद्यार्थ्यांसाठी नाही. कलावंत गेल्यावर जयंती साजरी करणे सोपे असते. तो हयात असताना त्याचे पुस्तक विकत घेणे, वस्तीत अभ्यासिका चालविणे, एखाद्या होतकरू मुलीची फी वेळेवर भरणे, ही समाजाची खरी परीक्षा आहे. व्यक्तीचे यश तिच्या कष्टांत असते. ते टिकविण्याची जबाबदारी मात्र आपणा सर्वांची आहे.