कंपाइल झालं, तरी पोर्ट झालेलं नसतं

जुन्या घरगुती संगणकावर रिलेशनल डेटाबेस चालवायची हौस असणारे आपल्यात थोडेच. पण जे आहेत, त्यांचा डेटा वाचावा म्हणून हे लिहितो आहे. मी जर्मनीत राहतो. इथे एके काळी पुष्कळ घरांत अमिगा असायचा, आणि आजही तो जिवापाड सांभाळणारे लोक भेटतात. माझ्याकडे १९९२ साली बाजारात आलेलं अमिगा १२०० हे मॉडेल आहे, वर मेमरी वाढवणारं कार्ड. घरातल्या पुस्तकांची यादी ठेवण्यासाठी मी त्यावर एसक्यूलाइट हे डेटाबेस सॉफ्टवेअर आणलं.

निवड एसक्यूलाइटची का? रिचर्ड हिप यांनी २००० साली ते लिहिलं, अमेरिकन नौदलाच्या युद्धनौकेसाठीच्या कामातून. डेटाबेस सर्व्हर बंद पडला की सगळंच अडायचं, म्हणून त्यांनी सर्व्हरच काढून टाकला. सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये. शिवाय त्याचा कोड सार्वजनिक मालकीचा आहे, परवानगी कुणाकडेच मागावी लागत नाही. सी भाषेतल्या दोन लाखांहून अधिक ओळी एकाच फाइलमध्ये बांधून मिळतात. त्या फाइलला हात लावू नका. तुमचे बदल वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे नवी आवृत्ती आली की ती तशीच खाली बसवता येते.

लिनक्सवर क्रॉस-कंपायलर वापरला तर कंपाइल करणं फार जड जात नाही. खरं काम आहे ते व्हीएफएसचं, म्हणजे फाइल उघडणं, वाचणं, लिहिणं, वेळ सांगणं अशा गोष्टी ऑपरेटिंग सिस्टमकडून करून घेणाऱ्या थराचं. युनिक्स आणि विंडोजसाठी तो तयार मिळतो, अमिगासाठी स्वतः लिहावा लागतो. मूळ कोडसोबत ‘डेमो व्हीएफएस’ नावाचा छोटा नमुना येतो, तिथून सुरुवात करा.

मी आधी युनिक्ससारखी फंक्शन्स पुरवणारी एक तयार लायब्ररी जोडून पाहिली. टेबलं बनली, क्वेऱ्या चालल्या, उत्तरं अचूक आली. मग नोंदी भरणं चालू असताना मुद्दाम वीज तोडली. यंत्र पुन्हा सुरू झालं, डिस्कची तपासणी झाली, आणि डेटाबेस उघडून इंटिग्रिटी चेक चालवला तर चुकांची रांग. एसक्यूलाइट डेटाबेसचं एखादं पान बदलण्याआधी जुनं पान जर्नल फाइलमध्ये लिहितं, जर्नल डिस्कवर पोहोचल्याची खात्री मागतं, आणि मगच मूळ फाइलला हात लावतं. वीज गेली तर त्या जर्नलवरून जुनी स्थिती परत येते. त्या लायब्ररीतलं सिंक फंक्शन काहीही न करता ‘झालं’ म्हणून परत येत होतं. म्हणजे सगळा क्रमच मोडलेला, आणि वीज जाईपर्यंत ते कळायला काहीच मार्ग नव्हता. अमिगावर यासाठी फाइलसिस्टमला फ्लशचं पॅकेट पाठवावं लागतं. ते पाठवाच.

असे सापळे आणखी आहेत. अमिगाडॉसचं सीक फंक्शन नवी जागा सांगत नाही, आधीची सांगतं. युनिक्सच्या सवयीने लिहिलेला कोड तिथे घसरतो. फाइलच्या शेवटाच्या पुढे सीक होतच नाही, पण एसक्यूलाइट मधली पानं सोडून पुढचं पान लिहू शकतं. म्हणून आधी फाइल स्वतः वाढवून घ्यावी लागते. वाचताना मागितले तितके बाइट्स मिळाले नाहीत, तर उरलेला बफर शून्यांनी भरा. हे विसरलात तरी बरेच दिवस सगळं सुरळीत दिसेल, आणि मग डेटा बिघडेल.

फाइलच्या नावाचा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो. जुन्या फाइलसिस्टममध्ये नाव ३० अक्षरांपर्यंतच चालतं, आणि जास्तीची अक्षरं मुकाट छाटली जातात. जर्नलचं नाव म्हणजे डेटाबेसचंच नाव, त्याला शेपूट लागतं ८ अक्षरांचं. डेटाबेसचं नाव पुरतं ३० अक्षरांचं असेल, तर छाटल्यावर दोन्ही नावं एकच होतात. नाव २२ अक्षरांच्या आत ठेवा, आणि लांब नाव आलं तर व्हीएफएसमध्येच चूक म्हणून परत पाठवा.

स्टॅकही तपासा. अमिगावर तो मुळात ४०९६ बाइट्सचाच असतो, एसक्यूलाइटला पुरत नाही. इथे मेमरीला संरक्षण नाही, त्यामुळे स्टॅक ओसंडला की शेजारच्या प्रोग्रॅमची मेमरी खराब होते आणि बिघाड भलतीकडेच दिसतो. मी ६४ केबी देतो. व्हीएफएसमधलं वेळ सांगण्याचं कामही उरतं: अमिगाचं घड्याळ १ जानेवारी १९७८ पासून मोजलं जातं, त्यानुसार एसक्यूलाइटला हवा असलेला ज्युलियन दिवस काढा.

पडताळणीसाठी एक चांगली सोय आहे. एसक्यूलाइटची फाइल सगळ्या यंत्रांवर बाइटला बाइट एकसारखी असते, प्रोसेसर कुठलाही असो. अमिगावर बनलेली फाइल लिनक्सवर न्या, तिथल्या मूळ एसक्यूलाइटने तपासा, आणि उलटही करून पाहा. माझ्या यादीतली देवनागरी नावं अमिगाच्या पडद्यावर वाचता येत नाहीत, पण लिनक्सवर जशीच्या तशी उमटतात. ती पाहिली तेव्हा मला फार बरं वाटलं.

तुमचं पोर्ट दुसऱ्याच्या हाती देण्याआधी लिहिणं चालू असताना वेगवेगळ्या क्षणी वीज तोडा, दर वेळी फाइल तपासा, आणि काय आढळलं ते सोबतच्या माहितीफाइलमध्ये स्पष्ट लिहा. वापरणारा त्यात आपल्या आयुष्यातल्या नोंदी ठेवणार आहे, त्याला हे आधी कळायला हवं.