राणीच्या बागेतील वृक्ष

मुंबईच्या भायखळा भागात वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. पूर्वी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे नाव त्याला होते. म्हणून मुंबईकर त्याला अद्यापही 'राणीची बाग' म्हणतात. १८६२ साली ही बाग लोकांसाठी खुली झाली. आज मुले येथे येतात ती वाघ आणि पेंग्विन पाहण्यासाठी. परंतु प्राणी येथे मागाहून आले. मुळात ही बाग वनस्पतींची होय.

शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक पाषाणाचा हत्ती उभा आहे. तो घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटास 'एलिफंटा' म्हटले. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारीची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते जुळवून १९१४ साली तो पुन्हा उभा करण्यात आला. दगड असा सांधता येतो. शंभर वर्षांचा वृक्ष एकदा तोडला की सांधता येत नाही.

आणि येथील वृक्ष तरी केवढे! आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच पाहा. तिचे खोड एखाद्या रांजणासारखे फुगलेले असते, कारण त्यात ती पाणी साठवते. कैलासपतीची फुले फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर फुलतात. त्याची फळे तोफेच्या गोळ्यांसारखी. परंतु या बागेचे खरे वैभव म्हणजे ब्रह्मदेशातील उर्वशी. तिच्या तांबड्या फुलांचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात. वॉलिक नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञास १८२७ साली हा वृक्ष एका बौद्ध मठाच्या बागेत आढळला. जवळच्या गुहेत बुद्धमूर्तींपुढे त्याचीच फुले वाहिलेली होती. रानात तो आता अतिशय दुर्मिळ झाला आहे.

२००७ च्या सुमारास येथे मोठे नवे प्राणिसंग्रहालय उभारण्याचा आराखडा निघाला. त्यात जुने वृक्ष जातील, अशी भीती काही नागरिकांना वाटली. त्यांत पुढाकार स्त्रियांचा होता. नुसती तक्रार करून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी बागेत हिंडून झाडांची नोंद केली, नावे शोधली आणि लोकांना ती झाडे हाताला धरून दाखवावी तशी दाखवली. तो आराखडा मूळ रूपात अमलात आला नाही.

तुम्ही बागेत गेलात, तर पिंजऱ्यांकडे धावण्यापूर्वी गोरखचिंचेपाशी थांबा. तिच्या खोडाला कवेत घेण्यास किती मुलांनी हात धरावे लागतील, याचा अंदाज करा.