सैन्य किती मिलिमीटरचं?

प्रश्न : लहान टेबलावर राक्षस आणि बुटक्यांची मोठी सैन्यं लढवायची आहेत. मूर्ती कोणत्या मापाच्या घ्याव्यात? – एक वाचक, अभनपूर (जि. रायपूर)

उत्तर : १० मिलिमीटरच्या घ्या. हे माप साधारण पायापासून डोळ्यांपर्यंतचं. २८ मिलिमीटरची मूर्ती रंगवायला सुंदर, पण चार फुटी टेबलावर तिची पलटण टोळक्यासारखी दिसते. ६ मिलिमीटरमध्ये गर्दी छान जमते; मात्र बुटका कोण, माणूस कोण, हे हातभर अंतरावरून कळत नाही, आणि काल्पनिक युद्धाची खरी गंमत त्या फरकातच आहे! १० मिलिमीटरमध्ये तो दिसतो. ‘वॉरमास्टर’ हा खेळ २००० साली याच मापात आला. शिवाय ‘एन गेज’ या खेळण्यातल्या रेल्वेची १:१६० प्रमाणातली झाडं-घरं या मूर्तींशेजारी शोभतात. रंग मात्र नेहमीपेक्षा उजळ वापरा. एवढ्या लहान अंगावर गडद रंग काळेच दिसतात.